चंद्रकलेची ताकद कुठून आली

फुलसावंगीत मध्यंतरी एक गोष्ट आवाज खाली करून सांगितली जायची: तांड्यावरच्या हंसाबाईनं भुताच्या पुस्तकाची शेवटची पानं खाल्ली. कुणी म्हणे भाकरीत मळून, कुणी म्हणे चहात बुडवून. सांगणाऱ्याच्या चुलीवर त्या दिवशी जे असेल त्यात ती पानं पडायची. आणि तेव्हापासून तिला सगळं आधी कळतं म्हणे, कोणाची म्हैस आटणार, कोणाची सून रुसणार. सुना रुसणार हे कळायला पानं कशाला खावी लागतात, हे मात्र कोणी विचारलं नाही.

हंसाबाईच्या वाट्याला असलं बोलणं पहिल्यांदा आलं नव्हतं. तांड्यात तिच्या थोरल्या दिराची, जेठ प्रेमसिंगची दुभती म्हैस मेली, त्याच्या आदल्या सांजेला तिनं गोठ्यापाशी थांबून "चांगली आहे म्हैस" असं म्हटलं होतं. गुन्हा एवढाच. जनावरांच्या डॉक्टरनं पोटफुगी सांगितली. पण डॉक्टर निघून गेला आणि बोलणं राहिलं. त्या दिवसापासून त्याची बायको, जाऊ लालीबाई, हंसाबाई दिसली की कडेवरच्या नातवाला पदराखाली घ्यायची. भांडण नाही, शिवी नाही, फक्त पदर. शिवीला शिवी देता येते. पदराला काय देणार?

म्हणून ती गावात नुजहतच्या शिलाईच्या दुकानात येऊन बसू लागली. काम होतंच. हल्ली लग्नात नवरीच्या मैत्रिणींनाही आरशांचे ब्लाउज लागतात, आणि तांड्याच्या टाक्याचा हात हंसाबाईचाच. पण आरसे घरीही टाचता आले असते. ती यायची, कारण तिथं कोणी पदर सरसावत नव्हतं.

त्या दुकानाची एक रीत होती. लाईट असेतोवर मोटारीच्या मशिनी घरघरायच्या, कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही. लाईट गेली की बाया तुरपाई, काज, हुक घेऊन दाराशी उजेडात सरकायच्या आणि नुजहत पुस्तक वाचायची. सारं गाव लाइनमनच्या नावानं बोटं मोडायचं, तेव्हा या बाया मनातून त्याला दुवा देत. यंदाचं पुस्तक नुजहतनं उमरखेडहून रद्दीतून आणलेलं. कव्हर नाही, म्हणून नाव माहीत नाही. आतली नायिका चंद्रकला. ती ज्याच्याकडे बघे त्याचं काहीतरी बिघडे. कोणाचं दूध नासलं, कोणाचा पाय मोडला, पाटलाचा तर संत्र्याचा अख्खा बगीचा वाळला. ही ताकद तिला कुठून मिळाली, ते लेखकानं शेवटासाठी राखून ठेवलं होतं, आणि त्यापायी बायांच्या हातून काजं वाकडी होत होती.

पुस्तकात बगीचा वाळला त्याच दुपारी ते घडलं. तुरपाई करणारी नलू आपल्या नातीला, पाळण्यातल्या वयाच्या पोरीला, शेजारी निजवून बसली होती. पोरीच्या गालावर माशी बसली. हंसाबाई वाकली, आणि नलूचा पदर झरकन पोरीच्या तोंडावर आला. नलूला स्वतःला कळलंही नसेल. हात आपोआप गेला.

"माशी होती," हंसाबाई म्हणाली आणि हात मागं घेतला. नुजहत वाचता वाचता अडखळली, मग पुढं वाचू लागली.

उद्यापासून यायचं नाही, असं हंसाबाईनं घरी जाताना ठरवलं. पण न जाऊन बसायचं कुठं? लालीबाईच्या समोर? सकाळी ती आली. थोडी लांब बसली.

पुढं बरेच दिवस लाईट गेलीच नाही. लोकांनी कौतुक केलं, दुकानात मात्र सगळ्या वैतागल्या. शेवटी एकदाची गेली. नुजहतनं पुस्तक उघडलं, मागून चाळलं आणि म्हणाली, "लो. पुढची पानंच नाहीत."

शीला, साडीला फॉल लावणारी, बी.ए. झालेली आणि ते कोणाला विसरू न देणारी, उडालीच. "अवो आपा, त्या दिवशी तं होती! म्या सोता पाह्यली!"

"रद्दीचा माल आहे, शीला. उसमें भी गॅरंटी मांगते का?"

"मंग आता कसं? ताकद आली कुठून ते कसं समजन?"

"आपणच ठरवू."

"ठरवाचं काय त्यात? दुःखातून आली. सासरच्यानं छळलं, ते सारं पोटात साचलं, अन् डोळ्यातून निंघालं."

"साचून ताकद येत असती," नलू म्हणाली, "तं माया डोळ्यानं आतापर्यंत अर्धं गाव जळलं असतं. तिले चिचेवरच्या हडळीनं धरलं होतं. ती चिचेखाली झोपत नाही का सुरुवातीले?"

"चिचेखाली तुमचा बुढाही झोपते रोज. त्याले कोनी धरलं?"

"त्याले दारूनं धरलं, बाई. दुसरीले जागाच नाही राह्यली."

हशा ओसरल्यावर नुजहत म्हणाली, "मले वाटते, डर से आयी. लोक जितके भ्याले, तितकी ती मोठी झाली. तुम्ही बोला न, हंसाबाई."

हंसाबाईनं आरसा टाचायचा थांबवला. गप्प राहिलं तर इथली जागा राहील, हे तिला कळत होतं. बोललं तर कदाचित हीही जाईल. पण पदर तर आधीच सरकला होता.

"मले वाटते, तिच्यापाशी काईच नव्हतं."

"अन् बगीचा कायनं वाळला मंग?" शीला.

"संत्रा वाळत नाही का? इतकं पुस्तक वाचलं आपानं, त्यात चंद्रकला सोता काई बोलली का? पाटील सांगते, सासू सांगते, पुजारी सांगते. तिनं पाह्यलं अन् झालं. तिले कोनी इच्यारलं, का बाई, तुनं काय पाह्यलं? लिवनाऱ्यानंही नाही इच्यारलं." तिनं सुई ब्लाउजात खोचली. "जेठाची म्हैस पाहून म्या म्हटलं होतं, चांगली आहे. चांगलीच होती वो म्हैस."

नलू खाली मान घालून टाके घालत राहिली, आणि ते टाके नंतर उसवावे लागले.

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरला, मशिनी सुरू झाल्या, दचकून पोरगी रडायला लागली. नलूला सांजेआत ब्लाउज द्यायचा होता. तिनं पोरीला उचललं, इकडंतिकडं पाहिलं आणि हंसाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"धरा वो जरा. थापटा, झोपली तं."

हंसाबाई आधी रस्त्याकडे बघत थापटत राहिली. मग पोरीनं तिच्या बाहीवरचा आरसा मुठीत धरला, तेव्हा तिला खाली बघावंच लागलं.

त्या संध्याकाळी नलूनं आपल्या गल्लीत सांगितलं की पुस्तकाची पानं नव्हती, तरी त्यात काय असेल ते एकट्या हंसाबाईला ठाऊक होतं. तिनं कौतुकानंच सांगितलं. पण कौतुक गल्ली ओलांडेपर्यंत तसंच राहील, तर ती फुलसावंगी कसली? बाजाराच्या दिवसापर्यंत पानं हंसाबाईच्या पोटात गेली होती.

पानं नुजहतनं फाडली होती. लाईट जात नव्हती त्या दिवसांत तिनं ती घरी वाचून काढली. त्यात चंद्रकलेची ताकद खरी निघते आणि गाव तिला जाळतं.