घरचा फेटा, मुलाखतीचं लुगडं

शांतावहिनी गेल्याचा फोन अकोल्याहून तिच्या शेजारणीनं केला. रडत रडत म्हणाली, "फार सोशिक होत्या हो बिचाऱ्या..." सोशिक? बिचारी? अगं बाई! महिना होत आला, तरी तो शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. बाई मेली की लोक तिला लगेच सोशिक करून टाकतात. मी तिची नणंद, मी नाही करू देणार.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. दादा अचानक गेला होता, वहिनी जेमतेम पंचविशीची... आमचे आबा, म्हणजे तिचे सासरे, एकच धरून बसले होते, "घरी काय कमी हाय तुले?" शेंदूरजनाघाटला संत्र्याचे बगीचे, अमरावतीत राजापेठेत घर, कमी खरंच काही नव्हतं. तिला मात्र अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायचं होतं. मुलाखतीचं बोलावणं आलं, घरात रण माजलं, तेव्हा कुठे आबा दादाच्या जुन्या जीपमधून तिला सोडायला निघाले. सोबतीला मी.

ती जीप म्हणजे एक नंबरची नाटकी. सकाळी गार असताना झटक्यात सुरू व्हायची. उन्हात तापल्यावर बंद केली, की मग ढिम्म. आबांनी बॅटरी बदलून पाहिली, लिंबू-मिरची बांधून पाहिली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो आणि व्हायचं तेच झालं. हँडल मारमारून आबा घामाघूम. शेवटी म्हणाले, "देवाच्या मनातच नाई, सूनबाई. ऊन उतरलं का होते चालू, मंग घरी जाऊ." आणि चेहऱ्यावर समाधान काय ते! मला अस्सा राग आला...

वहिनी खाली उतरली. बॉनेट उघडलं, प्लगची तार काढली, आबांना हँडल मारायला लावलं. ठिणगी पडत होती. "बॅटरी चांगली आहे, मामाजी. पेट्रोल पोचत नाही. स्टोव्हची नळी तापली की रॉकेलची वाफ होते ना, तशी या पंपात पेट्रोलची वाफ होऊन राहिली. ओलं फडकं गुंडाळलं पाह्यजे. तुमचा फेटा द्या."

हॉटेलातले लोक चहा सोडून बघायला लागले. आबा भडकले, "चार लोकांत मले बोडका करते का? तुयं लुगडं फाड!"

"लुगडं मुलाखतीचं आहे. फेटा घरचा आहे."

आबा हलेनात. तिनं पिशवी काखेत मारली. "मंग बसा. मी पायी जाते. पण अकोल्यालेच जाते." आणि खरंच चालायला लागली हो, भर उन्हात, मागे वळूनसुद्धा न बघता! आबा "ए बाई, थांब!" असं ओरडले आणि त्यांनी फेटा सोडला. वहिनीनं तो छागलीतल्या पाण्यानं भिजवून पंपाला आणि नळीला गुंडाळला. पंप निवल्यावर आबांनी हँडल मारलं, आणि जीप धडधडायला लागली.

शाळेत मुलाखत घेणाऱ्यांनी पदवीचं कमी आणि तिच्या वैधव्याचंच जास्त विचारलं. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. सासऱ्यांची परवानगी आहे का? वहिनी म्हणाली, "बाहेर बसलेत. त्यांनाच विचारा." एक गृहस्थ उठून व्हरांड्यात आले. आबा बोडक्या डोक्यानं बाकावर बसलेले, मांडीवर तेलानं काळा झालेला ओला फेटा. प्रश्न ऐकला आणि ते उखडलेच.

"तिनं मले कवा इचारलं," ते म्हणाले, "तं तुमी इचारून राहिले?"