डोंगरी कावळे आणि चारशेची लेन्स

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरांत, साधारण अकरा हजार फुटांवर होती. सेक्टरचं नाव लिहीत नाही, इथे त्याची गरज नाही. मी हवालदार पाटील, ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. पुढच्या पोस्टवरून दुर्बिणी, टेलिस्कोप, होकायंत्रं, तोफांचा नेम धरायच्या साइट्स माझ्या टेबलावर यायच्या आणि दुरुस्त होऊन परत जायच्या. सकाळी सहाला फॉल-इन, आठला काम सुरू, चारला बंद. चारनंतर थंडीने बोटं स्क्रू पकडत नसत. लोकांना वाटतं, सीमेवरचा जवान चोवीस तास गोळ्या झाडतो. मी नोकरीतले बरेच दिवस काचेआड शिरलेली वाफ बाहेर काढण्यात घालवले.

ऑक्टोबरमध्ये सिग्नलचा एक नवा लान्स नाईक आमच्या तळावर आला. नाव सायमन. मी विचारलं, "कहाँ से?"

"मुंबई, साब."

"मुंबईत कुठे?"

मराठी ऐकून तो चमकला. "वसई."

"वसईत कुठे?"

"भुईगाव."

मी पापडीचा. घरी सायकलवरचं अंतर, आणि आमची ओळख व्हायला एवढ्या लांब यावं लागलं. भुईगावच्या घरांत त्यांची स्वतःची बोली चालते. सायमन माझ्याशी तीच बोलायचा. मला ती समजायची, पण नीट लिहिता येत नाही, म्हणून त्याचं बोलणं इथे साध्या मराठीत देतो. चारचौघांत मी हवालदार साब, एकटे असलो की रमाकांतदादा.

सायमनला पक्ष्यांचा नाद होता. तळाच्या मेसमागे खरकटं टाकायचो तिथे पिवळ्या चोचीचे काळे पक्षी जमायचे. आम्ही सगळे त्यांना कावळेच म्हणायचो. सायमन चहाचा मग घेऊन त्यांच्यासमोर अर्धा अर्धा तास बसायचा. त्याचा मामा जहाजावर होता. त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून एक जुनी चारशे एमएमची लेन्स आणून दिली होती. लेन्सला मागे स्क्रूचे आटे, आणि सायमनच्या कॅमेऱ्याला खाचेत फिरवून अडकवायचा बायोनेटचा माउंट. दोन्ही एकमेकांवर बसत नव्हते. लेन्स भुईगावला कपाटात पडून होती.

"दादा, काही जुगाड होईल?"

"जुगाड नाही," मी म्हटलं. "रिंग करावी लागेल. मापात."

जानेवारीत दोघांनाही एकदमच सुट्टी मिळाली. तुळिंजला एका गाळ्यात तावडे मिस्त्री लेथ चालवायचे. त्यांच्याकडे मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलो. सायमनने एका मोडक्या लेन्सची मागची बायोनेटची तबकडी मिळवली होती. पुढच्या बाजूला आटे पाडलेली ॲल्युमिनियमची रिंग आणि मागे ती तबकडी, असं जोडकाम होतं. जाडी साडेतीन मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. रिंग जाड झाली तर लेन्स फिल्मपासून लांब जाते, आणि मग जवळचं स्वच्छ दिसतं पण दूरचं काही केल्या स्पष्ट होत नाही.

तावडे मिस्त्री म्हणाले, "साहेब, केसभर इकडेतिकडे चालेल ना?"

"नाही चालणार."

"एवढं काय फोडायचंय तुम्हाला?"

"फोडायचं नाही मिस्त्री," सायमन हसत म्हणाला. "पक्षी बघायचेत."

मिस्त्रींनी लेथ बंद केला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत चालू केला.

पहिली रिंग जाड झाली. भुईगावच्या किनाऱ्यावर जवळचं सुरूचं झाड स्पष्ट दिसत होतं आणि पाण्यावरचे कुरव पक्षी म्हणजे नुसते पांढरे डाग. घरी येऊन मी सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि रिंग हाताने घासली. दहा वेळा घासायची, एकदा मोजायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला परत गेलो. सायमनने तांदळाची पिशवी होडीच्या काठावर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि फोकसची कडी फिरवत गेला. मग कॅमेऱ्यावरून डोळा न काढता मला म्हणाला, "दादा, चिखल्या पक्ष्याच्या पायाचा चिखल दिसतो."

त्या लेन्समध्ये आपोआप काही होत नसे. फोकस हाताने, ॲपर्चर हाताने, उजेडाचा हिशोब डोक्यात. रोलमध्ये छत्तीस फोटो. मी त्याला रायफलचाच नियम सांगितला. श्वास अर्धा सोड, थांब, बटण दाबू नकोस, पीळ. त्याचे फोटो त्याच दिवशी सुधारले. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात त्याने समुद्रगरुडाचा फोटो काढला. गरुड मासा घेऊन सुरूच्या शेंड्यावर उतरताना. त्याची आई म्हणाली, "एवढा मोठा पक्षी आपल्याकडे आहे होय?" ती जन्मापासून त्याच किनाऱ्यावर राहत होती.

फॉरवर्ड एरियात कॅमेरा बाळगायला मनाई असते. सायमनने लेखी अर्ज केला. आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब कडक होते, पण सरळ होते. त्यांनी शेरा मारला की कॅमेरा स्टोअरमध्ये सीलबंद राहील, रविवारी माझ्या देखरेखीखाली निघेल आणि मागच्या दरीकडेच वळेल. सायमनने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला.

मार्च उजाडला. दुसऱ्या आठवड्यात चार जवानांची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन ठाण्यांमधली गस्त, आमच्या तळावरून वरच्या पोस्टकडे निघाली. निघाली ०५४०ला. ०८१५ला रेडिओवर त्यांचा शेवटचा मेसेज आला. सव्वानऊला समोरच्या डोंगरावरून मोठा आवाज आला आणि ढग खाली उतरला. त्यानंतर रेडिओवर काही नाही.

११४० वाजता ढग वर सरकला. समोरचा उतार सरळ रेषेत हजार-बाराशे मीटरवर, पण दरी ओलांडून चालत दोन तासांचा. उतारावर बर्फ वाहून आल्याचा रुंद पट्टा होता. माणूस कुठेच नाही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात शोधायचं कुठून? दुर्बिणीतून नुसते काळे ठिपके दिसत होते. तळावरचा मोठा टेलिस्कोप माझ्या टेबलावर उघडा पडला होता. त्याचा प्रिझम यायचा होता.

सायमन मेजरसाहेबांपुढे सावधान उभा राहिला. "साब, कॅमेरा स्टोअर में है. कन्व्हर्टर लगा के दूरबीन से दुगना दिखेगा."

"निकालो."

त्याच्याकडे लेन्सची ताकद दुप्पट करणारा कन्व्हर्टर होता. कॅमेरा, कन्व्हर्टर, आमची रिंग, लेन्स, असं सगळं वाळूच्या पोत्यावर बसवलं. सायमन पोटावर झोपला आणि पट्टा डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळी पाडून बघू लागला. सहा-सात मिनिटं गेली.

"साब, काळ्या खडकाच्या वर कौवे उतरताहेत."

घाईत तो निम्मं मराठी बोलून गेला. मी हिंदीत सांगितलं. मेजरसाहेबांचा चेहरा उतरला. कावळे कशावर उतरतात हे सगळ्यांना माहीत होतं.

"नहीं साब," सायमन म्हणाला. "बैठते हैं और फौरन उड़ते हैं. फिर बैठते हैं, फिर उड़ते हैं. मरे हुए से कौवा नहीं डरता. कोई उनको भगा रहा है."

मेजरसाहेबांनी स्वतः डोळा लावला. मिनिटभर बघितलं. उठून म्हणाले, "रेस्क्यू पार्टी. दस मिनट में."

एक नायब सुभेदार आणि आठ जवान निघाले. त्या आठांत सायमन रेडिओ ऑपरेटर म्हणून गेला. लेन्सवर मला बसवलं, कारण पार्टीला उतारावर चालताना ती जागा दिसणार नव्हती. मेजरसाहेबांनी हँडसेट माझ्या हातात दिला. "मराठी में बोलो. टाइम मत गँवाओ."

१४०५ला पार्टी पट्ट्याच्या खालच्या टोकाला पोचली. रेडिओवर तिचं नाव ब्राव्हो होतं.

"ब्राव्हो, तुझ्या समोर काळा खडक आहे. त्याच्या डाव्या अंगाने वर, पन्नास मीटर. ओव्हर."

"खडक दिसला. वर जातोय. ओव्हर."

"अजून वीस. थांब. कावळे उडाले. तुझ्या पुढ्यातच. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग सायमनचा आवाज आला. "हात आहे दादा. हात हलतोय." ओव्हर म्हणायला तो विसरला.

तो हात सिपाही रतनचा. छातीपर्यंत गाडलेला, एक हात मोकळा. त्याचा बिस्किटांचा पुडा फुटून बर्फावर पसरला होता, त्यावर ते पक्षी येत होते आणि रतन हातमोजा झटकून त्यांना हाकलत होता. चार तासांहून जास्त. त्याच्याखाली खडकाच्या कपारीत आणखी दोघे सापडले. एकाचा पाय मोडलेला, पण दोघेही शुद्धीवर. चौथा, सिपाही महिपाल, सापडला नाही.

सहा जवान तिघांना घेऊन उतरले. नायब सुभेदार, एक जवान आणि सायमन महिपालसाठी मागे थांबले. दुपारचं ऊन त्या उतारावर येत होतं, वरचा बर्फ सैल होत होता. १५३०ला मेजरसाहेबांनी हँडसेट घेतला. "सब नीचे आओ. अभी."

"साब, महिपाल की रस्सी मिली है. नीचे जा रही है. दस मिनट. ओव्हर."

मेजरसाहेबांनी उताराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "दस. उस से ज्यादा नहीं. आउट."

आठव्या मिनिटाला वरचा बर्फ सुटला. मी लेन्समधूनच बघत होतो. सायमन खड्ड्यात कमरेपर्यंत वाकलेला होता. मग सगळं पांढरं झालं. कडेला उभे असलेले नायब सुभेदार आणि तो जवान बाजूला फेकले गेले आणि वाचले.

मी हँडसेट परत ओढून घेतला आणि त्याचं नाव घेत राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. मेजरसाहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला.

दोन दिवसांनी दोघे एकाच जागी सापडले. सायमनचा हात महिपालच्या पाठीवरच्या पिट्ठूच्या पट्ट्यात होता. तो त्याच्यापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, महिपाल पहिल्या वेळीच गेला असणार. वरच्या उताराला भेग पडत होती का आणि मला ती दिसायला हवी होती का, हा प्रश्न मी मेजरसाहेबांना एकदा विचारला. ते म्हणाले, "दस मिनट मैंने दिए थे, पाटील. तुमने नहीं." त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. सायमनला भुईगावच्या चर्चच्या दफनभूमीत पुरलं. कॅमेरा आणि लेन्स मी त्याच्या आईच्या हाती दिली. तिने ती उघडूनही पाहिली नाही.

तीन वर्षांनी मी निवृत्त होऊन पापडीला आलो. पहिल्याच आठवड्यात भुईगावला गेलो. मावशींनी, म्हणजे सायमनच्या आईने, कपाटातून लेन्स काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही घेऊन जा रमाकांत."

"मावशी, ही त्याची आहे. तुमच्याकडेच राहू दे."

"इथे काचेला बुरशी लागेल. तूच सांगतोस ना, उजेडात ठेवायला हवी म्हणून? तर ने उजेडात."

लेन्स स्वच्छ करायला दोन दिवस लागले. तेव्हापासून रविवारी सकाळी मी किनाऱ्यावर किंवा मिठागरांच्या बांधावर असतो. हळूहळू माणसं विचारू लागली. एका डॉक्टरकडे वडिलांची जुनी लेन्स होती, पापडीच्या एका शिक्षिकेकडे भावाने आणलेली. पुढे डिजिटल कॅमेरे आले तरी जुन्या काचा तशाच उत्तम होत्या. फक्त रिंग लागायची. तावडे मिस्त्री आता मापाबद्दल वाद घालत नाहीत. आम्ही सात-आठ जण झालो. मावशीही कधी कधी येतात, वाळूवर चटई टाकून बसतात आणि आम्हाला सांगतात, तिकडे बघा, तिकडे काहीतरी बसलंय. बहुतेक वेळा खरंच बसलेलं असतं.

एका नोव्हेंबरमध्ये रतन बायकोला घेऊन हिमाचलहून आला. मावशींनी त्याला समोर बसवून जेवू घातलं. तो खाली मान घालून म्हणाला, "माँजी, मैं उन कौवों को गालियाँ दे रहा था. सारा वक्त."

मी मराठीत सांगायला गेलो. मावशी म्हणाल्या, "समजलं मला." मग त्याच्या पानात आणखी एक मासा वाढला.

दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस होता. भुईगावला त्या संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत जमतं, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात, आणि प्रार्थनेत गेलेल्यांची नावं वाचतात. रतन माझ्या शेजारी उभा होता. फादरांनी वाचलं, "लान्स नाईक सायमन." आणि लगेच पुढे, "सिपाही महिपाल."

रतनने माझं मनगट धरलं.

ते मावशींनी पहिल्याच वर्षी करून घेतलं होतं. त्यांनी फादरांना सांगितलं होतं, माझ्या मुलाबरोबर आणखी एकजण होता, तो आपल्या धर्माचा नाही. फादरांनी एवढंच विचारलं, "नाव काय त्याचं?" महिपालचं गाव वाळवंटात. तिथल्या कोणी भुईगाव पाहिलेलं नाही, आणि त्यानेही समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याचं नाव आमच्याकडे दरवर्षी वाचलं जातं, सायमनच्या नावाला लागून.