उंदराच्या मांडीवरचा ठिपका

माझे गाइड मला कधीच आवडले नाहीत, आणि मीही त्यांच्या डोळ्यांत खुपत असे. ते पुण्याचे, मी नागपूरचा. माझ्या बोलण्यात चुकून 'बे' आला की ते चारचौघांत माझं वाक्य सुधारायचे. बंगळुरात त्यांच्याकडे पीएच.डी.ला येऊन मला तीन वर्षं झाली होती. शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि हाती दाखवण्याजोगा एक निष्कर्षही नव्हता.

मांडीत गाठ वाढवलेल्या उंदराला किरणोत्सर्गी औषध टोचायचं आणि ते गाठीत जाऊन बसतं का ते पाहायचं, हे आमचं काम. एका हॉस्पिटलचा जुना गॅमा कॅमेरा शनिवारी दुपारी, पेशंट संपले की, आम्हाला मिळे. त्यात औषध दिसे, पण उंदीर दिसत नसे. म्हणून बेशुद्ध उंदीर फळीला चिकटवून आधी त्या कॅमेऱ्याखाली ठेवायचा, मग तशीच फळी उचलून शेजारच्या खोलीत एक्स-रे काढायचा. दोन्ही फिल्म दिव्याच्या पेटीवर एकावर एक ठेवल्या की औषध कुठे आहे ते कळे. एका शनिवारी काळा ठिपका बरोबर गाठीवर बसला. गाइडांनी त्याच आठवड्यात एका परिषदेला निबंध पाठवून दिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आमचे उंदीर सांभाळणारी अक्का बनशंकरीहून यायची. तिच्या घरची मराठी कित्येक पिढ्या कानडी मुलखात मुरलेली. फिल्म बघून ती म्हणाली, "मुतलाय रे तो. मांडी ओली होती त्याची. स्वल्प पुसून तरी बघायचं की."

"तू पिंजरे बघ अक्का," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी पुन्हा तसाच ठिपका उमटला. अक्काची जिरवायची म्हणून मी ओल्या कापसानं मांडी पुसली आणि परत फिल्म काढली. ठिपका गेला होता. मग तो कापूसच कॅमेऱ्याखाली ठेवला, तर तो काळाकुट्ट उमटला. औषध गाठीत गेलंच नव्हतं, लघवीतून बाहेर पडलं होतं.

तिन्ही फिल्म घेऊन मी गाइडांकडे गेलो. त्यांनी त्या खिडकीकडे धरून पाहिल्या.

"कापूस वापरायला तुला कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला.

"शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते ना तुझी? मग नसते उद्योग करू नकोस." फिल्म त्यांनी आपल्या खणात टाकल्या. बसस्टॉपपर्यंत मी त्यांना अस्सल नागपुरी शिव्या घातल्या. त्यांच्या तोंडावर मात्र एक शब्द काढला नव्हता.

परिषदेआधी गाइडांनी संस्थेतल्या लोकांसमोर भाषण दिलं. भिंतीवर माझा ठिपका, एवढा मोठा. दिव्यांच्या बटणांपाशी अक्काला उभं केलं होतं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "फिल्मच्या आधी कातडी पुसून घेतली होती का?"

"ते काम हा करतो. यालाच विचारा," गाइड म्हणाले, माझ्याकडे न बघता.

अक्कानं दिवे लावले. सगळे माझ्याकडे वळले. तीही बघत होती.

"एकदा पुसली होती," मी म्हणालो. शब्द खरा होता. पुसल्यावर काय झालं ते मी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. गाइड तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. मला त्यांच्याहून जास्त माझीच किळस आली.

सोमवारी उंदरांच्या खोलीत गेलो. तीन वर्षं अक्का मला अरे-तुरे करायची, जेवलो का विचारायची, माझ्या हातून पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं तर सरळ झापायची. त्या दिवशी तिनं पिंजरा टेबलावर ठेवला, हात पुसले आणि भिंतीला सरकून उभी राहिली.

"तुमचे उंदीर तयार आहेत, सर," ती म्हणाली.