प्रमुख पाहुण्यांचं सरबत

माझ्या आईने डॉक्टरांचा शब्द कधी मोडला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला उलट वाटायला नको.

आई घिवलीला राहते आणि बोईसरच्या बाजारात मासळी विकते. मी बोईसरलाच शाळेत शिकवते. आईच्या स्वादुपिंडाने बऱ्याच वर्षांपूर्वी काम कमी केलं, तेव्हापासून ती इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घेते. गेल्या हिवाळ्यात मात्र तिची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला आणि शेवटी म्हणाले, "आता नाही उतरली तर बाजार बंद करा. दगदगीने साखर चढते."

ते खोटं नव्हतं. ताण आला की शरीर जी संप्रेरकं सोडतं, ती साखर वाढवतात. पण आईला ताण बाजाराचा नव्हता, घरी बसण्याच्या कल्पनेचा होता.

"घरी बसून काय करू? भिंतीला भाव सांगू?" ती म्हणाली.

शेवटी तह झाला. बोईसरच्या एका मंगल कार्यालयात मोफत मधुमेह शिबिर होणार होतं. तिथे साखर उतरलेली दिसली तर टोपली राहणार, नाही तर जाणार. आदल्या दिवशी आई माझ्याकडे मुक्कामाला आली. तिची इन्सुलिनची बाटली संपली होती, म्हणून मी नवी आणून फ्रिजच्या दारात ठेवली. शिबिरवाल्यांनी अनशापोटी यायला बजावलं होतं. सकाळी आईने घोटभर पाणी घेतलं आणि नेहमीप्रमाणे सुई घेतली. सुई म्हणजे काही खाणं नव्हे, असा तिचा हिशेब होता. माझ्या पुस्तकी डोक्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

आम्ही वेळेवर पोचलो. तसं पोचणारे आम्ही पेशंटच तेवढे होतो. रक्त काढणाऱ्या मुली हातमोजे घालून बसल्या होत्या, पण दीपप्रज्वलन झाल्याशिवाय कुणाला टोचायचं नव्हतं. दीप होता, प्रज्वलन करणारे नव्हते. ते आले तेव्हा सभागृहातली पोटं गुरगुरायची थांबली होती, नुसती दुखत होती. मग शाल झाली, श्रीफळ झालं. उपाशी माणसांसमोर एवढे नारळ मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

प्रमुख पाहुणे ग्रंथींवर बोलले. "ग्रंथी म्हणजे शरीराचं मंत्रिमंडळ," ते म्हणाले, "आणि मेंदूतली पीयूषिका मुख्यमंत्री. तिचा हुकूम सुटला की खालच्या साऱ्या ग्रंथी कामाला लागतात!"

टाळ्या पडल्या. मी जे वाचलंय त्यात असा दरबार कुठे नाही. पीयूषिका हुकूम सोडते हे खरं, पण खालच्या ग्रंथीचं संप्रेरक रक्तात पुरेसं झालं की ते वर कळतं आणि वरची मुकाट्याने हात आखडता घेते. धडधाकट स्वादुपिंड तर रक्तातली साखर उतरली की इन्सुलिन आपणहून कमी करतं. शरीर चालतं ते या वेळेवर थांबण्यामुळे. सुईतल्या इन्सुलिनला तेवढंच जमत नाही. एकदा आत गेलं की साखर कितीही उतरो, ते आपलं काम रेटत राहतं. पाहुण्यांचंही तसंच चाललं होतं.

एवढ्यात आई उभी राहिली.

"ओ सायेब! आटपा आता! मासली नासते!"

सभागृह हसलं. मीही हसले, कारण आई चिडली की अशीच बोलते. मग तिचा हात धरला तर तो थंडगार, घामाने निथळलेला आणि थरथरणारा. बाहेर गारठा, पंखे बंद, आणि तिचा पदर ओला. साखर खाली गेली की मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. धडधड, घाम, कापरं ही त्यांची बोंब असते. कुणाच्या हस्ते उद्घाटनाची त्या वाट बघत नाहीत.

"साखर द्या हिला! कमी झालीये!"

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. "ताई, पाच मिनिटं. साहेबांचं संपतंच आहे."

"साहेबांच्या आधी आई संपेल."

व्यासपीठावर, जाळीच्या रुमालाखाली, लिंबू सरबताचा पेला होता. मी चढले आणि तो उचलला.

"अहो, ते पाहुण्यांसाठी आहे!"

"पाहुण्यांना विचारा त्यांची साखर किती आहे!"

आईने पेला एका दमात रिकामा केला. मुलींनी आता कुणाला न विचारता तिच्या बोटाला सुई लावली. आकडा पाहून एकीने धावत जाऊन ग्लुकोज आणलं. जरा वेळाने आईचा घाम सुकला, तेव्हा तोच कार्यकर्ता मायेने म्हणाला, "आजी, या वयात आता बाजार नको."

"तू नको सांगू," आई म्हणाली. "उतरली का नाय साखर? ठरला होता तसा झाला."

रिक्षात मला स्वस्थ बसवेना. इतके महिने जी साखर हलली नाही, ती आज एकदम तळाला कशी गेली?

"आई, घरी बाटली कुठे ठेवतेस?"

"यंदा डॉक्टर बोलला तिथं. थंड जागी."

"थंड म्हणजे कुठे?"

"मीठ मारलेल्या बर्फात गो बाय! पापलेटांच्या खाली. दगडासारखी ऱ्हाते." आवाजात अभिमान होता.

इन्सुलिन एकदा गोठलं की बिघडतं आणि वितळल्यावरही सुधारत नाही. आई इतके दिवस निकामी औषध टोचत होती, आणि त्याच्यावर डोस चढत गेला होता. त्या सकाळी पहिल्यांदा तोच वाढलेला डोस चांगल्या बाटलीतून गेला, तोही उपाशीपोटी. थंड जागा कोणती, हे जन्मभर मासळी विकलेल्या बाईला फोडून सांगावं लागेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी हे ऐकलं, कपाळाला हात लावला आणि डोस खाली आणला. बाजाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता वापरातली बाटली आईच्या पाटाशेजारी, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात असते. शेजारणीने विचारलं, बर्फ हाताशी असताना हे मडकं कशाला? आई म्हणाली, "बर्फ मेल्या मासलीला. मी जित्ती हाय."

परवा बिल्लेवाला कार्यकर्ता बोंबील घ्यायला आला. यंदाही शिबिर आहे, आजींनी यायचं, म्हणाला.

"येते की," आई म्हणाली आणि त्याचे बोंबील कागदात गुंडाळले. "पण जेवून."