न रंगवलेलं नाव

बुधवारा बाजारात पाट्या रंगवणारा हा माणूस प्रत्येक वाक्य ‘क्या है ना, सर’ असं सुरू करतो. दुसऱ्याच्या पाटीवरचं वाकडं अक्षरही त्याला सहन होत नाही. दरवर्षी तो आपल्या गावच्या, पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या दगडावरची नावं रंगवतो. यंदा मी सोबत गेलो. शेवटचं नाव राहिलेलं दिसलं, म्हणून तो हात धुवायला गेल्यावर मीच ते भरलं.

परत येऊन पाहिलं आणि तो दगडासमोर बसला.

“माझे पणजोबा ते,” तो ‘क्या है ना’ न लावताच म्हणाला. “बॉडी आलीच नाही. पणजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. आम्ही पितरांत त्यांचं पान वाढत नाही, हे नावही रंगवत नाही.”

रंग पुसायला त्यानं फडकं उचललं, पण पणजोबांच्या नावावर ते फिरवायला त्याचा हात धजेना.