परत लावलेलं रीळ

मी काढलेल्या त्या दुष्काळाच्या फिल्मवर मी नाशकात पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. पण चांदवडजवळच्या गावात ती दाखवली तेव्हा काय झालं, ते आजवर कुणालाच सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे तिथले मजूर पाण्यासाठी तहसील कचेरीवर गेले होते. पोलिसांनी त्यांना बेदम मारलं. मी ते कॅमेऱ्यात घेतलं. त्यात काशीनाथ होता, गावचा तरणा गडी — शिपायाची लाठी दोन्ही हातांनी धरून उभा.

फिल्म आधी त्याच गावाला दाखवायची, हा माझा हट्ट. लोकांची फिल्म लोकांसमोर — मोठा शहाणा ना मी! गावच्या शिंप्याने दोन चादरी जोडून पडदा शिवला. दिवेलागणीला प्रोजेक्टर लावला. आता, पडद्यावर आपली माणसं दिसली की गाव काय करतं? नावं घेतं.

"आरं, त्यो बघ काशा! रामभाऊचा काशा!"

शिंप्याच्या ओट्यावर एक परका माणूस बसला होता. साधा सदरा, टोपी. मार खाताना चेहरे कोण बघतं? गावाने त्याला ओळखलं नाही. मी ओळखलं. फिल्म जोडताना तो चेहरा कितीदा पाहिला होता — खाकीत, लाठी उगारलेला. शॉट धूसर आला म्हणून मीच तो कापला होता.

एक बटण बंद करायचं होतं. का नाही केलं? त्याने मलाच उचललं तर — ही भीती होतीच. पण खरं सांगू? टाळ्या पडत होत्या.

"भाऊ, काशाचं परत लावा," असा गलका झाला. मी रीळ मागे फिरवलं आणि परत लावलं. नावं पुन्हा घेतली गेली, जास्तच मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. काशीनाथ सुटून आला तेव्हा त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

मग गाव फितूर शोधू लागलं. परका माणूस शिंप्याच्या ओट्यावर बसला होता, शिंप्याने त्याला पाणी दिलं होतं — एवढं पुरलं. काशीनाथच्या आईने मला विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेले. शिंप्यानंच चुगली केली ना?"

शिंपी समोरच उभा होता. माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "असेल."

पुढे त्याच्याकडे कुणी कापड टाकेना. शिलाई मशीन बैलगाडीत घालून, बायकोपोरांना घेऊन तो गाव सोडून गेला. कुठे, ते मी कधी विचारलं नाही.