मुकं राहिलेलं चित्र

शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी वंदनाचा फोटो दिसला, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. झालं, मिळाला हिला आणखी एक पुरस्कार, असं मनाशी म्हणत मी मजकूर न वाचताच फोन पालथा ठेवला. दुपारी आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "वंदना मॅडम गेल्या नं पहाटे. हार्ट अटॅक. तुमाले मालूम नाही?" तेव्हा मी तो फोटो पुन्हा उघडला... मैत्रिणीच्या मृत्यूची बातमी मत्सरापायी मी अर्धा दिवस उशिरा वाचली. दीड महिना झाला, तरी ते आतल्या आत टोचतं.

भंडाऱ्याला आम्ही डी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या घरातली, मी तलावाकाठच्या सानगडीतल्या धानकऱ्याची मुलगी. वर्गात पहिली मी. गावची बोली मी वर्षभरात जिभेवरून खरवडून काढली. वंदनाने तसूभर सोडली नाही. पुढे चिखल्याच्या मँगनीज खाणीजवळच्या एका शाळेत दोघींचीही नेमणूक झाली. पहिलीच्या वर्गात खाणकामगारांची पोरं. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या हिंदी, कुणाच्या छत्तीसगढी. पुस्तकातली मराठी ऐकून सगळी गप्प. टॅबवर आधी घरची बोली ऐकवली तर पोरं मराठी लवकर उचलतील का, हे तपासायचं आम्ही ठरवलं. कल्पना माझी होती. हे मी तेव्हाही सांगत फिरायचे, आजही सांगते.

टॅबवर चित्रं घ्यायची, आणि चित्राला बोट लावलं की एखाद्या आईचा आवाज यावा, अशी योजना होती. मी आयांना शाळेत बोलावून खुर्चीवर बसवलं, वाक्यं नीट घोटून घेतली, मग रेकॉर्ड केलं. साऱ्याजणी पाठ्यपुस्तकासारख्या बोलल्या. पोरांनी टॅब बाजूला सारला. वंदना मात्र बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या, दारात तांदूळ निवडणाऱ्या बायांत जाऊन बसली. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये कोंबडे आरवत होते, बाया एकमेकींना शिव्या देत होत्या. ते ऐकून पाच महिने तोंड न उघडलेली रोशनी खुदकन हसली आणि बोलायलाच लागली. वर्गात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण माझा नुसता जळफळाट झाला होता.

अहवालावर नावं दोघींची होती, पण पुरस्कारासाठी पुण्याला बोलावणं तिला एकटीला आलं. परतल्यावर ती म्हणाली, "शालू, तलावाचं चित्र तुह्यासाठी ठेवलं हाय. लहानपणी तुमी मासोळ्या कशा धरत होता, सांग न तुह्या बोलीत."

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं. "गावंढळ बोलून स्वतःचं हसं करून घेणार नाही."

तिने टॅब पिशवीत टाकला. "राहू दे. जागा ठेवतो मी."

त्यानंतर मी दुसरा वर्ग मागून घेतला. ती दर दिवाळीनंतर व्हरांड्यात गाठायची, "शालू, तलाव सुकून राहिला नं वो!" मी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून पुढे जायचे.

आता नव्या सत्रात तिचा पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला आहे, आणि तिचा टॅबही. मागच्या आठवड्यात नवीनच दाखल झालेली एक मुलगी एकेका चित्राला बोट लावत होती. कोंबडी बोलली, जातं बोललं. तलावावर तिने तीनदा बोट आपटलं. "मॅडम, हा तलाव काहून नाही बोलत?" चित्राखाली वंदनाच्या अक्षरात 'शालू' असं होतं. सानगडीचं दुसरं कुणी तिला मिळालं नसतं असं नाही...

मी रेकॉर्डचं बटण दाबलं. "तलावात मासे असतात," मी म्हणाले. मुलीने टॅब माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे पाहू लागली. पुस्तकी बोलण्याला पोरं कान देत नाहीत, हे वंदनाला आधीपासून ठाऊक होतं, मला नव्हतं. मेलेल्या बाईचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता. मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी तोंडून आलं ते भलतंच, "वंदे, आयक न वो... पाणी आटलं का आमी फाटकं लुगडं घेऊन तलावात उतरत होतो..."

मुलगी टॅबवर कान ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

ते मी तसंच ठेवलंय. आता पोरं रोज सगळ्यात आधी तलावच दाबतात. आवाज माझा, गोष्ट माझी, आणि संपल्यावर एकूण एक पोर मला विचारतं, "मॅडम, वंदे कोण?"